तीस नंबरच्या बाकाचे सहाशे अकरा मालक

मालमत्ता नसती तर माणूस आणि चिमणी यांच्यात फारसा फरक उरला नसता. चिमणीही जागा बघते, काड्या आणते, घर करते आणि दुसरी चिमणी आली की भांडते. पण ती साक्षीदार बोलावत नाही, दोन प्रतींत लिहून घेत नाही आणि तिच्या पश्चात तिची पिल्लं समान हिश्श्यांवरून चाळीस वर्षं एकमेकांशी अबोला धरत नाहीत. म्हणून चिमण्या मागे राहिल्या.

हे मी मनाचं सांगत नाही. ज्या विधी महाविद्यालयाच्या कार्यालयात मी छत्तीस वर्षं खिडकीमागे काढली, तिथे मालमत्ता कायद्याचा पहिला तास याच वाक्यांनी सुरू व्हायचा. माझी खिडकी पहिल्या वर्षाच्या वर्गाच्या बरोबर समोर होती, त्यामुळे हा तास मी चौतीस वेळा ऐकला. (पदवी मिळाली नाही. हजेरी लागत नव्हती.) मी नोकरीला लागले तेव्हा मुलं मला ताई म्हणत, पुढे काकू म्हणू लागली, शेवटी आजी. माझं पदनाम मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कनिष्ठ लिपिक’ हेच राहिलं. संस्थेने निदान एका बाबतीत मला म्हातारं होऊ दिलं नाही.

तो तास घेणाऱ्या सरांना सगळे जुडीसर म्हणत. वर्गात येताना ते हातात खराटा घेऊन येत. खराटा टेबलावर आपटून विचारत, “हे काय आहे?”

“खराटा, सर.”

“चूक. ही मालकी आहे. मालकी म्हणजे एक वस्तू नव्हे, ती हक्कांची जुडी असते.” मग ते एकेक काडी उपसून समोरच्या मुलांच्या हातात देत. ही विकण्याची काडी. ही गहाण टाकण्याची. ही भाड्याने देण्याची, ही बक्षीस देण्याची, ही मृत्युपत्राने ठेवून जाण्याची, ही दुसऱ्याला हाकलण्याची. शेवटी सरांच्या हातात नुसती सुतळी उरे. ती उंच धरून ते म्हणत, “आणि ही नुसती मालकी. हिच्यात काही नाही, पण हिच्यासाठी माणसं कोर्टात मरतात.” टाळ्या पडत. तास संपला की काड्या वर्गभर पसरलेल्या असत. त्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

असा शिक्षक होणे नाही. पण नुसत्या काड्यांवर त्यांचं समाधान झालं नाही, आणि माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी मालमत्ता कायद्याचं प्रात्यक्षिक सुरू केलं. रसायनशास्त्राच्या मुलांना जर खरं आम्ल मिळतं, तर कायद्याच्या मुलांना खरी मालमत्ता का मिळू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ते प्राचार्यांना पटलं. वर्गात दोन माणसांची तीस बाकं होती. त्यांतलं शेवटचं, मागच्या खिडकीला टेकलेलं तीस नंबरचं बाक या कामासाठी काढून दिलं गेलं. सरांनी ते पहिल्या तुकडीच्या नावे करून दिलं आणि सांगितलं, आता याचे व्यवहार करा, बाकी सगळं आपोआप समजेल.

व्यवहारांचे कागद नोंदवायला माझ्या खिडकीवर येऊ लागले. इथे एक बारीकशी गोष्ट झाली, तिचा दोष माझा. आमच्या नियमानुसार दोन सह्या आणि दोन साक्षीदार असलेला कागद खिडकीवर आला की त्याला क्रमांक द्यायचा, नोंदवहीत चढवायचा आणि संस्थेचा गोल शिक्का मारायचा. हे कागद सरावाचे आहेत, हे मला ठाऊक होतं. पण सरावाचा शिक्का वेगळा नव्हता. होता तो एकच, खरा. मी मारला. एकदा मारल्यावर दुसऱ्यांदा न मारायला कारण लागतं, आणि कारण नोंदवायचा रकाना वहीत नव्हता.

अशा रीतीने तीस नंबरचं बाक खरोखरच मुलांच्या मालकीचं झालं, आणि चौतीस वर्षांत त्याने जी प्रगती केली ती एखाद्या लहान राष्ट्राला शोभली असती. सहाशे अकरा सहमालक. सर्वांत लहान हिस्सा अंगठ्याच्या नखाएवढा. (तोही दोन सख्ख्या भावांत वादात आहे.) त्यापुढे हक्क. बाकाच्या मागून खिडकीपर्यंत जाण्यायेण्याची कायमची वाट, सातव्या तुकडीपासून. डाव्या कडेवर कोपर टेकण्याचा हक्क, एका बाईंना, त्या हयात असेपर्यंत. बाकाच्या खालच्या अंगाला चिकटवलेल्या च्युइंगमवर एका जोडगोळीचा खाणपट्टा. मागच्या खिडकीतून एकोणतीस नंबरच्या बाकावर पडणारा उजेड कुणी अडवू नये असा हक्क. म्हणजे तीस नंबरवर जो कुणी बसेल त्याने डोकं गुडघ्यांत घालून बसावं. बाकाच्या खालचा कप्पा नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका मुलाने जेवणाचा डबा ठेवायला घेतला होता. डबा अजून आत आहे. पहिली दोन वर्षं तक्रारी होत्या, नंतर डब्यानेच माघार घेतली.

पृष्ठभागावर एक बदामही कोरलेला आहे, आत दोन अक्षरं. ही दोघांची संयुक्त मालमत्ता होती. पुढे त्यांचं लग्न झालं, मग जे व्हायचं ते झालं, आणि वाटणीच्या दाव्यात कोर्टाने सुतार पाठवून बदामाच्या बरोबर मधून पटाशीने रेघ मारून दिली. सुतार म्हणाला, असं नाजूक काम त्याने आधी कधी केलं नव्हतं.

बाक स्थावर की जंगम, याचा निकाल मात्र कधीच लागला नाही. जमिनीला ठोकलेलं ते स्थावर, उचलून नेता येतं ते जंगम, एवढं चिमणीलाही कळेल. पण हे बाक चार स्क्रूंनी फरशीला जखडलेलं होतं आणि त्यांतला एक स्क्रू पडलेला होता. सर परीक्षेत दर वर्षी हा प्रश्न विचारत. ‘तीन चतुर्थांश स्थावर’ असं लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळत.

आणि या सगळ्या काळात त्या बाकावर कायदेशीररीत्या बसलेल्या माणसांची संख्या शून्य. एकाने बसायचं म्हटलं की सहाशे दहा जणांची संमती लागे. आमची संस्था दर वर्षी अठ्ठावन्न मुलं घेई, एकोणतीस बाकं भरत, आणि तिसावं बाक मागे उन्हात चकाकत राही. मला ते फार आवडायचं. कुणाच्याही बुडाचा स्पर्श नसलेली मालमत्ता जगात कमी आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एकोणसाठावी मुलगी आली.

ती अशी आली. प्रवेश झालेल्या एका मुलाला अचानक गायक व्हायचं होतं, म्हणून त्याने प्रवेश रद्द केला. मी त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या मुलीला दिली. सहा दिवसांत घरच्यांनी त्याचं गाणं मिटवलं आणि त्याने रद्द केलेलं रद्द केलं. दोन्ही अर्ज नियमात बसत होते. दोन्हींवर मी शिक्का मारला. सातव्या दिवशी मुलगी वर्गाच्या दारात वही छातीशी धरून उभी होती आणि आत अठ्ठावन्न जण बसलेले होते. पहिल्या आठवड्यातच तीस नंबरच्या बाकाचे हिस्से नव्या तुकडीला वाटून झाले होते. हिच्या वाट्याला नखसुद्धा आलं नाही. तिचं नाव मुलांनी दुपारपर्यंत एकोणसाठ पाडलं.

आता उभं राहून कायदा शिकता येत नाही असं नाही. न्याय मागणारे सगळे उभेच असतात. पण आमच्याकडे हजेरी तोंडी नव्हती. एकाच्या नावाला दुसरा ‘हजर’ म्हणतो, हे कायद्याच्या मुलांत फार होतं, म्हणून संस्थेने वर्गाचा नकाशा छापून घेतला होता. साठ चौकोन. हजेरीवाला दारातून नकाशा धरून बघे आणि ज्या चौकोनात डोकं दिसेल तिथे खूण करी. कोणाचं डोकं, कशाचं डोकं, हे त्याचं काम नव्हतं. उभ्या माणसाला चौकोन नव्हता. एका बाकावर तिसरा बसला तर त्यालाही नव्हता.

वर्षाचे एकशेवीस दिवस. नव्वद दिवस हजेरी नसेल तर परीक्षा नाही. म्हणजे तीस दिवस बुडले तर चालतील, एकतिसावा नाही. त्यातले सहा तर दारात पोचायच्या आधीच गेले होते.

मुलीची आई शिलाईचं काम करायची. तिने लेकीला एकच वर्ष दिलं होतं. “पास झालीस तर पुढे शीक,” ती माझ्यादेखत म्हणाली, “नाहीतर मुकाट्याने घरी येऊन काजं-बटणं कर. मला दुसरा हात हवाय.” बाई वाईट नव्हती. तिचे डोळे चालले होते, एवढंच.  मुलीच्या बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते, आणि त्या बोटांनी ती माझ्या खिडकीची कड घट्ट धरून उभी होती.

मी तिला आमच्या पद्धतीने मदत केली, म्हणजे अर्ज दिला.

पहिला प्रयत्न खरेदीचा. एका जागेपुरतं बाक विकत घ्यायचं तर सगळ्या सहमालकांच्या सह्या हव्या. तिने वर्गातल्यांना विचारलंच, पण बाहेरगावी गेलेल्या जुन्या मालकांना पत्रं लिहिली, रोज पंचवीस, सुंदर अक्षरात. बावन्न उत्तरं आली. त्यांतल्या पन्नास जणांनी आपली बाजू ऐकून घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये असं कळवलं. एकाने डब्याची चौकशी केली. एक जण आता मोठ्या कोर्टात न्यायाधीश आहेत, त्यांनी ‘परिस्थिती जैसे थे ठेवावी’ असा हुकूमच धाडला. परिस्थिती अशी होती की बाक रिकामं आणि मुलगी उभी. ती जैसे थे ठेवण्यात आली. अकरा दिवस गेले.

मग परवानगीचा. विकत नाही तर नाही, नुसतं बसू द्या. वर्गातली सगळी भली मुलं होती, एकानेही नाही म्हटलं नाही.

“अगं बस की, माझी काहीच हरकत नाही,” पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत, तो घरी आईशीही कलमं घालून बोलायचा. “फक्त माझ्या हिश्श्यावर बसू नकोस.”

“तुझा हिस्सा कुठला?”

“तेच तर. वाटणी झालेली नाही. अविभक्त आहे. म्हणजे कणाकणात आहे.”

“मग मी बसू कुठे?”

“माझ्यापुरतं म्हणशील तर कुठेही. माझा हक्क अबाधित ठेवून.”

अशा अठ्ठावन्न परवानग्या तिला मिळाल्या आणि प्रत्येकीला एकेक शेपूट होतं. शेपटं जोडली तेव्हा असं निघालं की ती बाकापासून दीड वितीवर, हवेत, डोकं गुडघ्यांत घालून बसू शकते. आणखी पाच दिवस.

तिसरा प्रयत्न निकडीचा. ज्याला स्वतःच्या घरी जायला दुसरी वाटच नाही, त्याला शेजाऱ्याच्या जमिनीतून जाऊ द्यावं लागतं, असं तिने सरांच्याच पुस्तकात वाचलं. सर हळहळले. त्यांना ही मुलगी आवडायची. उभी असल्यामुळे ती वर्गात एकटीच जागी असे.

“पण बेटा, निकड सिद्ध व्हायला हवी. तुला उभं राहता येतं की नाही?”

“येतं, सर.”

“झालं तर मग. निकड संपली. बसण्याची सोय ही सोय आहे, निकड नव्हे.” मग त्यांनी विचारलं, “पाय दुखतात का?”

“हो, सर.”

“अरेरे,” सर मनापासून म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

चौथ्या प्रयत्नात तिने घरून आईचं स्टूल आणलं. मला वाटलं, सुटली पोरगी. स्वतःची वस्तू, स्वतः उचलून आणलेली, निखळ जंगम. पण स्टूल ठेवलं ती जागा सातव्या तुकडीच्या वाटेत येत होती. वकीलसाहेबांनी अडथळ्याची नोटीस बजावली. (जड अंतःकरणाने. नोटिशीत तसं लिहिलं होतं.) शिवाय स्टुलाला नकाशात चौकोन नव्हताच. ते ‘सापडलेली वस्तू’ म्हणून माझ्याकडे जमा झालं, आणि परत मिळवायचं तर मालकीचा पुरावा द्यावा लागणार होता. मुलगी म्हणाली, “आजी, ते आईचं आहे, तुमच्यासमोर तर आणलं.” मी म्हटलं, “बाळ, मी पाहिलं हे खरं. पण मी पाहिलं याची नोंद कुठे आहे?” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला. घरी तिच्या आईने आठ दिवस पत्र्याच्या डब्यावर बसून मशीन चालवलं.

प्राचार्यांनी या प्रश्नावर एक समिती नेमली. समितीने अठरा महिन्यांत अहवाल देण्याचं मान्य केलं.

असे तीस दिवस भरले. तिसाव्या दिवशी ती माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, “आजी, उद्या एकतिसावा.”

“हो गं.”

“उद्या चौकोनात खूण झाली नाही तर मी परवापासून येत नाही.” रडली वगैरे नाही. दप्तराचा तुटलेला बंद तिथेच उभ्या उभ्या शिवून घेतला, दातांनी दोरा तोडला आणि गेली. मी घरी जाऊन जेवले नाही. माझ्या शिक्क्यांनी कुणाचं वाईट झालेलं मला आधी कधी दिसलं नव्हतं; खिडकीतून फक्त हात दिसतात.

दुसऱ्या दिवशी वर्ग साडेसातला असताना ती साडेसहालाच आली. रिकामा वर्ग शेवटचा बघून घ्यायचा असेल. मी कार्यालय उघडत होते. वर्गातून तिचा आवाज आला, “मावशी, तुम्ही इथे बसलात?”

मी वाकून पाहिलं. तीस नंबरच्या बाकावर झाडणाऱ्या मावशी पाय पसरून बसल्या होत्या. मांडीत खराट्याच्या काड्यांचा ढीग होता, आणि तोंडात सुतळीचं टोक धरून त्या जुडी बांधत होत्या.

“मग कुठे बसू, तुझ्या डोक्यावर?” मावशी सुतळी न सोडता म्हणाल्या.

“नाही, पण... आजच बसलात?”

“रोजच बसते. आधी खराटा बांधायचा, मग झाडायचं. तुमचे ते सर दर वर्षी माझा खराटा नेऊन त्याची पिसं काढतात ना. एकदा सुटलेला खराटा तो, कितीही आवळा, रोज सैल होतो.”

“किती वर्षं झाली?”

“लागले तेव्हापासून. एकोणीस.”

“कुणी उठवलं नाही तुम्हाला?”

“उठवलं की! त्या सरांनीच, दोनदा. म्हणाले, मावशी, हे बाक दुसऱ्यांचं आहे, इथे बसू नका. म्हटलं, आधी माझा खराटा होता तसा करून द्या, मग उठते.”

“मग?”

“मग काय मग. बसलेय ना.”

मुलगी जागच्या जागी खिळली. सरांच्या पुस्तकाचं नववं प्रकरण तिने उभ्याने वाचलं होतं, त्यामुळे ते तिच्या पायांपर्यंत उतरलं होतं. त्यात लिहिलं आहे की दुसऱ्याच्या मालमत्तेवर जो माणूस उघडपणे, सलग, परवानगीशिवाय आणि मालकाच्या नाकावर टिच्चून बसून राहतो, त्याला मालकाने ठरलेल्या मुदतीत उठवलं नाही तर मालकाचा हक्कच संपतो आणि बसणारा मालक होतो. कायद्याने आळसाला केलेली ही एकमेव शिक्षा आहे.

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. उघडपणे? दिवसाढवळ्या, दार उघडं टाकून. सलग? रोज. परवानगीशिवाय? मावशींनी आयुष्यात कुणाची परवानगी मागितली नव्हती. मालकांना माहीत होतं? त्यांच्याच सरांनी दोनदा हटकलं होतं.

साडेसातला सर आले आणि एकोणसाठने हात वर केला. पुढची वीस मिनिटं मी खिडकीमागे उभी राहून ऐकली. ती मुद्दा मांडत गेली आणि सरांनी हातातला खडू हळूहळू खाली ठेवला.

“हरकत आहे,” वकीलसाहेब उठले. “बाक स्थावर असेल तर मुदत बारा वर्षांची, जंगम असेल तर तीन वर्षांची. आधी ते ठरायला हवं, आणि ते चौतीस वर्षांत ठरलेलं नाही!”

“मावशींना एकोणीस झाली,” एकोणसाठ म्हणाली. “तुला हवं ते धर.”

मागच्या बाकावर अजून बसलेल्या मावशींनी एक काडी मोडली. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. चौतीस वर्षं त्यांनी जे शिकवलं, ते पहिल्यांदा कुणीतरी वापरलं होतं. ते म्हणाले, “मान्य आहे. मालक बदलला.” अठ्ठावन्न मुलांची सगळी मिळकत एका वाक्यात गेली. एक जण म्हणाला, “सर, प्रात्यक्षिकाचे गुण तरी राहतील ना?” आणि वकीलसाहेबांनी आपल्या कणाकणांकडे डोळे भरून एकदा पाहून घेतलं.

सर मावशींपुढे जाऊन अदबीने उभे राहिले. “मावशी, आजपासून हे बाक तुमचं.”

“माझंच होतं. तुमचं कधी होतं?”

“म्हणजे तुम्ही आता ते विकू शकता. गहाण टाकू शकता. भाड्याने देऊ शकता, बक्षीस देऊ शकता, मृत्युपत्राने—”

“बसू शकते का?”

सर थबकले. एवढ्या वर्षांत त्यांनी खराट्यातून कितीतरी काड्या उपसल्या होत्या, पण ही काडी कुणाच्या हातात दिल्याचं त्यांना आठवेना. “हो,” ते म्हणाले. “तेही येतं त्यात. असं वाटतं.”

“मावशी,” एकोणसाठ म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की खिडकीपर्यंत जेमतेम पोचला. “हजेरीवाले येतायत. मी बसू?”

“अगं भवाने, मग उभी का?” मावशी बाजूला सरकल्या. “बस की. झाडताना पाय तेवढे उचल.”

ती बसली. बाकाने करकर केलं, त्यालाही दोघींची सवय नव्हती. हजेरीवाला दारात आला, नकाशा धरला, डोकी मोजली आणि मागच्या दोन्ही चौकोनांत खूण करून निघून गेला. त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. त्या वर्षाच्या नकाशावर साठावा चौकोन तेवढ्या एका दिवशी भरलेला आहे, तो मावशींचा.

सर परवानगीचा मसुदा घेऊन आले, मावशींनी तो वाचायला नकार दिला. “कागद कशाला? बसलीय ना पोरगी, दिसत नाही?” त्यामुळे माझ्याकडे काहीच आलं नाही. मी शिक्का हातात धरून बराच वेळ उभी होते, मग तो डबीत ठेवून दिला. आईचं स्टूल संध्याकाळी मीच तिच्या घरी नेऊन दिलं. कोणत्याही वहीत न चढवता केलेलं माझ्या नोकरीतलं ते एकमेव काम. त्याची आठवण मला शिक्क्यांपेक्षा स्पष्ट आहे.

मुलगी नव्वद दिवस बसली आणि पास झाली. संस्थेनेही बोध घेतला. पुढच्याच महिन्यात परिपत्रक निघालं, की स्वच्छता कर्मचाऱ्यांनी आवारात कोणत्याही वस्तूवर अकरा वर्षं अकरा महिन्यांपेक्षा जास्त काळ बसू नये. समितीचा अहवाल मी निवृत्त झाल्यावर आला. त्यात बाक बसण्यायोग्य आहे की नाही, याची पाहणी करण्याची शिफारस आहे.

आता वाचकहो, तुमच्याविषयी दोन शब्द. तुम्ही इथपर्यंत मन लावून वाचलंत. त्या पोरीसाठी तुमचा जीव तुटला, आमच्या संस्थेचा तुम्हाला राग आला, नोटीस देणाऱ्या मुलाला दोन द्याव्यात असंही वाटलं असेल. पण खरं सांगा. बाक रिकामं होतं. हजेरीवाला डोकं बघत होता, मालक नव्हे. हाताला धरून उठवील असा त्या वर्गात एकही जण नव्हता. जो तो फार तर नोटीस देणारा. तीस दिवस ती पोरगी रिकाम्या बाकाशेजारी उभी होती, आणि तुम्ही एकदा तरी मनात म्हणालात का, ‘अगं, बस ना’? नाही म्हणालात. तुम्हीही माझ्याबरोबर योग्य तो कागद शोधत होतात, आणि नवव्या प्रकरणात तो सापडला तेव्हा तुमचाही जीव भांड्यात पडला.

यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या संस्थेला अशीच माणसं लागतात, आणि नव्या वर्षाचे प्रवेश सुरू आहेत. अर्जासाठी रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं. तुम्हाला ते जमेल.